आकडा कवाचा?

आधी शेवट सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पालीच्या हिराबाई खडखडीत आहेत. यंदाही भाताच्या लावणीला उतरल्या, फक्त पायात गमबूट घालून. बाकी सगळं आता निवांत सांगते.

संपादकांनी फोनवर म्हटलं, तुमच्या कामाविषयी लिहा. मी म्हटलं, असलं लिहिणारे लोक निवृत्त असतात, मी अजून तिशीही गाठलेली नाही. ते म्हणाले, तुमचं काम कुणालाच कळत नाही, म्हणून लिहा. हे खरं आहे. सात वर्षं झाली, माझ्या आईला अजून वाटतं की मी कुणाची तरी कॉम्प्युटर दुरुस्ती करते.

मी डेटाबेसवर लक्ष ठेवते. भोरमध्ये पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या आहेत, तिथे आमची संस्था. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या आरोग्यकेंद्रांत सापाच्या लशीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, याची एक सामाईक नोंदवही आम्ही चालवतो. डॉक्टर तिला प्रतिविष म्हणतात, इकडे सगळे लसच म्हणतात. ही वही नव्हती तेव्हा साप चावलेल्या माणसाला घेऊन गाडी एका केंद्रावर जायची, तिथे लस संपलेली असायची, मग दुसऱ्या केंद्रावर. डोंगरातल्या रस्त्याने. त्या फेऱ्यांत माणसं गेली आहेत. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. आता गाडीचा चालक मोबाईल उघडतो, कुठे किती कुप्या आहेत ते बघतो आणि सरळ तिकडे जातो. कल्पना एवढीच आहे. तिच्यासाठी आमच्या माणसांनी चार वर्षं अर्ज केले.

ही नोंदवही आमच्या कपाटात नाही. एका कंपनीच्या यंत्रावर आहे, दूर कुठेतरी. आपल्याकडे म्हैस अर्धेलीने देतात ना, तसं. गोठा दुसऱ्याचा, वैरण-पाणी त्याचं, शेण काढणं त्याचं. यंत्र बिघडलं तर कंपनी बदलते, रोजच्या प्रती कंपनी काढून ठेवते. पण म्हैस आपली असते. चार दिवसांनी जाऊन बघावं लागतं, खाते का, रवंथ करते का, डोळे कसे आहेत. ते बघणं माझं काम. यंत्र किती दमलंय, जागा किती उरली, एका वेळी किती जण आत आलेत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती वेळ लागतोय. या सगळ्याच्या रेघा माझ्यासमोरच्या पडद्यावर चालत असतात. हिरवी रेघ म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे बघा, लाल म्हणजे उठा. लाल झाली की माझा फोन केकाटतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्या वह्या दोन आहेत, एक मूळ आणि एक नक्कल. परिचारिका आणि वाड्यांवरच्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, जे भरतात ते मूळ वहीत जातं. चालक आणि इतर सगळे जे वाचतात ते नकलेतून. लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांची एका दारात गर्दी होऊ नये म्हणून ही सोय. मूळ वहीत काही लिहिलं की नक्कल ते उतरवून घेते. एरवी याला पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही. एरवी.

माझे वडील भोरमध्ये छापखान्यात होते. पायाने चालवायचं यंत्र, हाताने जुळवलेले अक्षरांचे खिळे. मोर्चाची, सभेची, धरणग्रस्तांची, दारूबंदीची पत्रकं तिथे छापली जायची आणि घड्या घालायला मी असायचे. वाचायला मी पत्रकांवरच शिकले, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्य ‘बंधुभगिनींनो’नेच सुरू होतं. वडिलांचा एकच नियम होता. पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव पाहिजे. कायदाही तेच सांगतो, पण ते कायद्यासाठी करत नव्हते. म्हणायचे, ज्याच्या खाली कुणाचं नाव नाही, तो कागद वाटायचा नाही. हा नियम मी डोक्यात घेऊन हिंडत होते. कामात आणला नव्हता, एवढंच.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात एका सकाळी दहाच्या सुमारास फोन केकाटला. आत येणाऱ्यांची रेघ सरळ वर गेली होती आणि नक्कल मागे पडत चालली होती. वीस मिनिटांनी सगळं आपोआप शांत झालं. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला, तसंच. मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलाने बरंच तपासून गंभीर आवाजात सांगितलं की हा बाहेरच्या देशातून झालेला हल्ला असू शकतो. मी तीन दिवस नीट जेवले नाही. सापाच्या लशीवर हल्ला करणारे कोण असतील, याचा विचार करत बसले. माझ्यासारख्या पत्रकांवर वाढलेल्या मुलीला शत्रू लगेच दिसायला लागतात.

चौथ्या आठवड्यात नोंदी कुठून येतायत ते शोधलं आणि एसटीने तिथे गेले. पालीकडून येणारा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तो फाटा. उजवीकडे हायवे, डावीकडे वेल्हे. फाट्यावरच्या एसटीच्या शेडखाली अकरा बायका हात उंच करून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मोबाईल, काखेत बाजाराची पिशवी.

त्या आशाताई होत्या. त्यांच्या वाड्यांवर रेंज नाही. कोणाला साप चावला, लस कुठे मिळाली, अशा आठवडाभराच्या नोंदी त्या फोनमध्ये भरून ठेवत आणि बाजारच्या दिवशी खाली उतरल्या की फाट्यावर, रेंज लागते तिथे, सगळ्या एकदम पाठवत. नोंद गेली की नाही कळेना म्हणून बटण चारपाच वेळा दाबत. पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका त्याच वेळेला त्यांच्या फाट्यावर हेच करत असत. मी हल्ल्याचं सांगितलं तेव्हा सुनंदाताई नावाच्या, सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी फोन खाली केला.

“म्हंजी हल्ला आमीच केला व्हय?” त्या बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, “आगं, आपुन परदेशी हाय म्हनं. चला, चा तरी परदेशी पिऊ.”

चहा मीच पाजला. परत येताना इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. शत्रू नव्हता. आपल्याच बायका होत्या, बाजाराला निघालेल्या.

त्या हलकेपणात मी एक गोष्ट केली. बाजारच्या दिवशी नऊ ते बारा, नक्कल मागे पडल्याचा इशारा बंद करून टाकला. दर आठवड्याला वाजतो, आपोआप शांत होतो, मग कशाला वाजू द्यायचा. कोणाला विचारलं नाही, कुठे लिहून ठेवलं नाही. पुढची पाच वर्षं सुखाची गेली. या धंद्यातला सगळ्यांत घातक माणूस कोण विचाराल तर तो आळशी नव्हे. कारण सापडलं म्हणून इशारा बंद करणारा हुशार माणूस.

आता हिराबाईंचा दिवस. गेल्या वर्षीचा, लावणीचा.

बाजारचा दिवस होता. संस्थेच्या विश्वस्तांची दुपारी बैठक होती आणि देणगीदार येणार होते. त्यांना दाखवायला अहवाल हवा होता: वही सुरू झाल्यापासून किती माणसांना लस वेळेवर मिळाली, गावानुसार, वर्षानुसार. मी सकाळी साडेनऊला तो काढायला घेतला. सगळ्या वर्षांच्या सगळ्या नोंदी चाळायच्या, म्हणून तो नकलेवर लावला, मूळ वहीला त्रास नको. मला वाटलं मी काळजीच घेतेय. पण नक्कल म्हणजे एक माणूस समजा, एका हाताने उतरवून घेणारा. त्याला मी जुनी पानं धरून बसायला सांगितलं. जी पानं मी वाचत होते, ती बदलणारी नोंद आली की तो उतरवायचा थांबणार होता. आणि दहा वाजता दोन्ही खोऱ्यांतल्या बायका फाट्यांवर उतरल्या.

अकराच्या आधी शेवंताताईंचा फोन आला. शेवंताताई म्हणजे वेल्ह्याच्या बाजूच्या एका केंद्रावरच्या परिचारिका. तीस वर्षांची नोकरी. संगणकावर त्यांचा विश्वास नाही, पण काम म्हणून सगळं चोख भरतात. त्यांची एक जुनी खोड होती. कुठलाही आकडा सांगा, कुप्या असोत, ताप असो, पावसाचं पाणी असो, त्या आधी विचारणार, “कवाचा?” मी मागे एकदा वैतागून म्हटलं होतं, ताई, संगणकावरचा आकडा आत्ताचाच असतो.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “पहाटं एक धनगर आला हुता घोणस चावलेला. साऱ्या दहा कुप्या त्याला लावल्या. मानूस सुखरूप हाय, हितंच बसलंय. म्या सव्वाधाला आकडा शून्य केला. नोंद झाली म्हनला फोन. आन् आता उघडून बघती तर दहाच दावतोय.”

मी पडद्याकडे पाहिलं. सगळ्या रेघा हिरव्या. यंत्र दमलेलं नाही, जागा भरपूर, उत्तरं झटपट. आणि मी ते वाक्य बोलले. माझ्या धंद्यातले लोक गरिबाला, म्हाताऱ्याला, बाईला जे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकवतात आणि ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायला मी पहिली धावले असते, तेच.

“ताई, तुमचा फोन जुना झालाय. एकदा बंद करून चालू करा.”



“फोन जुना हाय,” शेवंताताई म्हणाल्या. “म्या न्हाई. तू मला यवढंच सांग, हा दहाचा आकडा कवाचा हाय?”

मला सांगता येईना. सहा वर्षांत पडद्यावर शंभर गोष्टी मी मांडल्या होत्या. यंत्राला किती घाम आलाय ते सेकंदासेकंदाला सांगता येत होतं. पण समोर दिसणारा आकडा किती वाजताचा, हे ना मला दिसत होतं ना चालकाला. फोन कानाला तसाच ठेवून मी नक्कल किती मागे आहे ते उघडलं. एकोणपन्नास मिनिटं. इशारा वाजला नव्हता, रेघही लाल झाली नव्हती, कारण मी त्याचं तोंड बांधलं होतं.

मी अहवाल तिथल्या तिथे थांबवला. पण साठलेलं उतरवून घ्यायला नकलेला अजून वेळ लागणार होता. आधी हे बघायचं होतं की या एकोणपन्नास मिनिटांत कोणी तो आकडा वाचलाय का.

वाचला होता. सोपानदादांनी, नऊ मिनिटांपूर्वी, पालीतून. सोपानदादा आमच्या गाडीचे चालक. त्यांनी गाडीची नोंद केली होती ती मूळ वहीत स्वच्छ दिसत होती: हिराबाई, शेतात लावणी करताना, पायाला, घोणस. नेतो कुठे, तर शेवंताताईंचं केंद्र. तेच सगळ्यांत जवळचं आणि तिथे दहा कुप्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या वहीने सांगितलं ते त्यांनी केलं.

मी शेवंताताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेवढ्यात दुसऱ्या फोनवरून हायवेच्या बाजूच्या केंद्राला विचारून मोकळ्या झाल्या. तिथे चौदा कुप्या होत्या, त्यांनी फ्रीज उघडून, हाताने मोजून घ्यायला लावल्या. म्हणजे गाडी फाट्यावर डावीकडे न वळता उजवीकडे वळायला हवी होती. डावीकडे गेली तर अर्धा तास जायला, तिथे काही नाही, मग तोच रस्ता उलटा. घोणशीच्या विषाला तेवढा वेळ द्यायचा नसतो.

सोपानदादांचा फोन लागेना. लागणारच नव्हता. पाली गाव सोडलं की फाट्यापर्यंत रेंजच नाही, आणि फाट्यावर वळण घेऊन ते पुन्हा डोंगराआड जाणार होते. मी तीनदा लावला. चौथ्यांदा लावताना डोळ्यासमोर मूळ वही उघडीच होती. तिच्यात नोंदी पडत होत्या, एकामागून एक, खाली प्रत्येकीचं नाव. सुनंदा. पुन्हा सुनंदा. तीच नोंद चौथ्यांदा, सुनंदा. बाई बटण दाबत होत्या.

म्हणजे या क्षणाला सुनंदाताई फाट्यावर उभ्या होत्या, हात उंच करून.

पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही, त्या मात्र अजून नक्कल करून दाखवतात. सार एवढंच की पालीकडून आपली गाडी येतेय, तिला वेल्ह्याकडे जाऊ देऊ नका, हायवेकडे पाठवा, तिकडे लस आहे. त्यांनी “का” विचारलं नाही. “आली बग,” एवढं म्हणाल्या आणि फोन चालूच राहिला. मला हॉर्न ऐकू आला. मग बायकांचा गलका. मग ब्रेक. मग सोपानदादांचा आवाज, इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता: “सुनंदे, मरायचंय का तुला? आत पेशंट हाय.”

“तिच्यासाठीच उभी हाय. उजवीकडं घे. तिकडची लस संपली.”

“फोनात दहा हायत.”

“फोन मागं ऱ्हायलाय. घे उजवीकडं.”

दरवाजा आपटला. गाडी गेली. सुनंदाताईंनी फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, “गेली उजवीकडं. माजी टोमॅटोची पिशवी मातुर तिच्या चाकाखाली गेली.”

मी खुर्चीत बसले. खाली गिरणी चालू होती, सगळी खोली नेहमीसारखी थरथरत होती. पाऊण तासाने हायवेच्या केंद्रावरून फोन आला की लस सुरू केली, बाई बोलतेय, लघवी साफ आहे. घोणशीच्या विषाने लघवीतून रक्त जातं; ती साफ असणं म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारा. मी गिरणीच्या जिन्यात जाऊन रडले. बरं वाटलं म्हणून. आजही त्या फोनची आठवण झाली की खांदे खाली येतात.

कंपनीच्या मुलाला मी त्याच दिवशी कळवलं. त्याने तपासून सांगितलं की यंत्र पूर्ण वेळ निरोगी होतं. तो खोटं बोलत नव्हता. यंत्र निरोगी होतंच. म्हैस उभी होती, रवंथ करत होती. दूध आटल्याचं बघायचं काम माझं होतं.

दुपारची बैठक झाली. अहवाल नव्हता. मी विश्वस्तांना उभं राहून सांगितलं की तुमच्यासाठी वाचलेल्या माणसांची यादी काढताना एक माणूस मी जवळजवळ घालवलं होतं, इशारा मी बंद केला होता आणि याबद्दलच्या कागदाखाली माझं नाव असेल. एक विश्वस्त म्हणाले की हे देणगीदारांसमोर नको. मी म्हटलं, ज्याच्या खाली नाव नाही तो कागद मी वाटत नाही. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.

ते केलं. मूळ वहीत दर मिनिटाला एक खूण पडते आणि नकलेतून ती वाचून बघितली जाते, उतरली का. दोन मिनिटांत उतरली नाही तर इशारा वाजतो, वार कुठलाही असो. तो बंद करायला आता दोन माणसांच्या सह्या लागतात. अहवालांसाठी वेगळी तिसरी वही आहे. आणि शेवटचं काम सगळ्यांत सोपं होतं, अर्ध्या दिवसाचं, सहा वर्षं कुणाला सुचलं नव्हतं. प्रत्येक आकड्याच्या खाली आता बारीक अक्षरात छापलेलं असतं: किती वाजताचा आणि कोणी भरला. वडिलांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि टाइप अजून मोठा हवा म्हणाले. मोठा केला.

शेवंताताई यंदा निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना मी तो पडदा दाखवला. त्यांनी तळची ओळ वाचली आणि मान डोलावली. विचारायचं काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी भोरच्या बाजारात सुनंदाताई भेटल्या, त्यांच्यासोबत हिराबाई होत्या, नवा तांदूळ घेऊन बसलेल्या. सुनंदाताईंनी ओळख करून दिली, “ही ती फोनवाली.” हिराबाई म्हणाल्या, “ही आडवी झाली तवा मला वाटलं हिला बाजाराला जायाला गाडी पायजे.” दोघी हसल्या. मला हसता येईना. मी त्यांच्या पाटीसमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, इशाऱ्याचं, अहवालाचं, माझ्या हाताने झालेलं. हिराबाई तांदळातला खडा वेचत ऐकत होत्या.

“मग आता खरं दावतो का?” त्यांनी विचारलं.

मी मोबाईल उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या जवळच्या केंद्राची ओळ. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. बारा कुप्या. अकरा वाजून सात मिनिटं. खाली नव्या परिचारिकेचं नाव. मग फोन तसाच धरून त्यांनी मान वळवली आणि समोरच्या चहाच्या टपरीतलं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“अकरा धा,” त्या म्हणाल्या. “व्हय, बराबर हाय.” आणि फोन परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाला तांदूळ मापायला लागल्या.